नवाचा ताळा

बर्गनमध्ये पाऊस ही बातमी नसते.
गुनवोर स्कोगे ओली छत्री दाराशी टेकवते
आणि भट्टीचं झाकण उघडते:
चोपन्न अंशांवर रात्रभर शेकलेली टेप,
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची,
हाव्हर्न नावाच्या संशोधन-जहाजावरची.
ओल धरलेला डिंक सुकला
की काही दिवस ती बोलते, मग पुन्हा चिकटते.
तेवढ्यात ऐकून घ्यायचं.

रीळ चढतं. पट्टी सरकते.
नऊ ट्रॅक, एकाला एक लागून.
आठांकडे सांगण्यासारखं असतं:
पाण्याचं तापमान, खारटपणा, खोली, वेळ.
नवव्याला स्वतःचं काही म्हणायचं नसतं.
तो आठांकडे बघतो
आणि एवढंच मांडून ठेवतो, सम की विषम.
शाळेत गुणाकार झाला की
कोपऱ्यात फुली काढून घ्यायचो ना
नवाचा ताळा,
त्याच्याच घराण्यातला हा.
दुसऱ्यांचा हिशेब जपण्यात आयुष्य काढणारा
एखादा असतोच प्रत्येक घरात.

चार हजार सातशेव्या नोंदीपाशी
चौथा ट्रॅक मुका होतो.
लेप खरवडून गेलाय, मोहरीएवढा.
पण गप्प कोण बसलं ते कळतं,
म्हणून उरलेले सात आणि तो नववा
त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतात:
सहा पूर्णांक दोन.
अंदाज नव्हे. तेच, जे होतं ते.

आणि मग लागतात कोऱ्या जागा.

लिहिणाऱ्या हेडच्या मागे, पेरभरही अंतर नाही,
तिथे वाचणारं हेड बसवलेलं असे.
लिही, लगेच वाचून बघ.
चुकलं? मागे ये, पूस,
तेवढी पट्टी सोडून दे, पुढे पुन्हा लिही.
चार-पाच बोटं कोरी राहायची.

रात्री दहाला अशी एक जागा.
साडेअकराला तीन.
दोननंतर तर नोंदी कमी, कोरेपण जास्त,
टेप अडखळत, मागे येत,
तेच ते पुन्हा नीट सांगत.
गुनवोर कॉफीचा कप खाली ठेवते.
तापमान जागच्या जागी. खारटपणा जागच्या जागी.
एकही आकडा ढळलेला नाही.
समुद्र कसा उठला होता हे
आकड्यांना ठाऊकच नाही,
ठाऊक आहे ते न लिहिलेल्या पट्टीला.
पाच वीसनंतर सगळं सुरळीत.
डब्यातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं, कुणी आर्नफिन वोगे:
"यंत्र पट्ट्यांनी बांधलं. मग मलाही."

तीन सत्तेचाळीसची नोंद मात्र येत नाही.
तिथे दोन ट्रॅक एकदम गेलेत.
ताळा जमत नाही एवढं कळतं,
कुणाचं चुकलं ते कळत नाही.
ती हेड पुसते, वेग बदलते,
सतरा वेळा तेवढाच वीतभर तुकडा मागे-पुढे.
इव्हर नवा आहे, त्याला जेवायला जायचंय.
"आधी सहा पूर्णांक एक, नंतर सहा पूर्णांक एक.
मध्येही तेच टाक ना. कोण बघतंय?"
"नववा," ती म्हणते,
आणि टाईप करते: वाचता आली नाही.

नव्या टेपवर सगळं दाटीवाटीनं उतरतं,
हजारो ट्रॅक, केसाहून बारीक,
आणि चुका पकडायला असं गणित
की बोटभर पट्टी फाटली तरी शब्द शाबूत.
कोऱ्या जागा मात्र नकलेत येत नाहीत.
त्या चुकांच्या होत्या, आणि चुका तर दुरुस्त झाल्या.

शेऱ्याच्या रकान्यात ऐंशी अक्षरं मावतात.
ती तीनदा लिहून तीनदा खोडते:
हवामानाचा पुरावा नाही तिच्याकडे,
फक्त पट्टीचा अडखळा.
शेवटी लिहिते,
"दोन ते पाच वीस: पुष्कळ वेळा पुन्हा लिहिलं."

इव्हर दिवे मालवत निघालाय.
जुनं रीळ उलटं गुंडाळलं जातंय,
आत्ताच थोडं चिकटत,
टक्, टक्,
पाच वीसपासून दोनकडे.